मातीची आंघोळ

दिग्रसच्या बाहेर, जिनिंगच्या मागच्या वस्तीत, ममताच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांच्या फळीवर 'रानसोबती'चा फोन राहायचा. घरात तिथं त्याला सगळ्यात चांगली रेंज मिळायची. हंगामात जिनिंगमधून रुईचे बारीक तंतू उडत यायचे आणि डब्यांवर, फोनवर, झोळीत निजलेल्या बोधीच्या पापण्यांवर अलगद येऊन बसायचे. ममता हलकी फुंकर घालून आधी पापण्या साफ करायची, मग फोन.

'रानसोबती' म्हणजे काही फार मोठी संस्था नव्हती. बसस्टँडजवळ गॅरेज चालवणारे परवेजभाई, एक शाळामास्तर, औषधाच्या दुकानातली एक मुलगी, आणि ममता. कुणाच्या विहिरीत साप पडला, कुणाच्या छपरात घोरपड शिरली, पतंगाच्या मांज्यात घार अडकली, की ही मंडळी हातातलं काम सोडून निघायची. बोधी व्हायच्या आधी ममताही निघायची. बोधी झाली आणि परवेजभाईंनी फोन तिच्या हातात ठेवला. म्हणाले, "ताई, तू घरूनच बोल. अर्धे लोकं तं नुसते घाबरलेले असतात. त्याईले आवाज पाह्यजे."

तेव्हापासून ममता आवाज झाली होती. एका मांडीवर बोधी, एका कानाला फोन. "रंग सांगा दादा. पट्टे हायेत का ठिपके? अन् ती काठी आधी खाली ठेवा."

माघ सरत आला होता. कापूस वेचून संपला होता आणि वावरावावरांत वाळक्या पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग घालणं चाललं होतं. अशाच एका दुपारी, बोधीचा नुकता डोळा लागलेला असताना, फोन वाजला.

"हॅलो, मी पंजाबराव बोलून राह्यलो, तांड्याच्या वरच्या वावरातून. लवकर या बाप्पा. वाघाचे पिल्ले निंगाले. दोन."

"वाघाचे?"

"मंग! पट्टे हायेत न अंगावर."

"केवढे हायेत?"

"एवढे."

"दादा, मले फोनातून दिसून नाई राह्यलं."

पलीकडे जरा विचार झाला. "भरताच्या वांग्याएवढे."

मागून कुणी बाई खळखळून हसली आणि फोन तिच्याकडे गेला. "बाई, मी धनीबाई, तांड्यावरची. मजुरीनं आलो इथं. ह्याईले वाघच दिसते जिकडं तिकडं. मांजरीचे हायेत. पण घरच्या मांजरीचे नाई. कान टोकदार, कानावर केसाची शेंडी, अन् शेपटीले काळे कडे."

रानमांजर. ममताच्या डोळ्यांपुढे ती उभीच राहिली, लांब पायांची, वाळल्या गवताच्या रंगाची, गवतातून चालली तर गवतच चालल्यासारखं वाटावं अशी. पिल्लं ढिगाखाली ठेवून ती उंदरांच्या मागं गेली असणार.

"ज्या ढिगाखाली होते तो तं गाडीत भरून झाला," धनीबाई सांगत होती. "कुत्रे फिरून राह्यले भवताली. माय टाकून गेली वाटते त्याईले."

जागेवरच झाका, हात लावू नका, हे ममताच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात झोळीत बोधी दचकून उठली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "कुत्र्यांपासून वाचवा त्याईले," ममता घाईनं म्हणाली. "आम्ही येतोच. तोवर... थांब ना ग बोधी... तोवर लेकरासारखं जपा."

पुढचं बोधीच्या रडण्यात बुडून गेलं, आणि फोन बंद झाला.

परवेजभाईंना लावला तर ते म्हणाले, "आज कोणीच नाई व ताई. मास्तर पुसदले गेले, ती पोरगी लग्नात. दोन पिल्लं अन् मी एकटा. तू येशीन का?"

ममतानं सासूकडे पाहिलं. नलूबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मले कायले पाह्यतं? जायचं तं जाय. पण कोणी इचारलं, मांजरीचे लेकरं पाहाले तुमची सून आपलं लेकरू टाकून कुठं गेली, तं काय सांगू?"

"सांगा, फोनवाली बाई हाय आमची."

"मोठी आली फोनवाली!" नलूबाईंना हसू आवरेना. "दूध पाजून जाय. अन् दिवे लागायच्या आत ये."

हसूनच बोलल्या होत्या. पण 'टाकून' हा शब्द स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून ममताबरोबर निघाला, आणि तांड्याच्या वाटेवर धूळ उडाली तरी खाली उतरला नाही. बोधी झाल्यापासून ममता तिला सोडून इतक्या लांब पहिल्यांदाच चालली होती. दोन्ही बाजूंना रिकामी वावरं ऊन खात पडली होती. मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा उभा. आपण कुठं चाललो आहोत आणि आपल्यातलं कोण मागं राहिलं आहे, हे तिला नीट उमगेना.

वावरात पोचल्यावर आधी आला तो वास. ओव्याचा.

बांधावरच्या पळसाखाली धनीबाई पाय लांब करून बसली होती. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर गरम पाण्याचा गंज, विस्तवावर ओव्याचा धूर, एका वाटीत जवसाचं तेल. तिच्या पायांवर, ओढणीच्या घडीत, दोन पिल्लं. न्हालेली, तेलानं चोळलेली, धुरी दिलेली. एकाच्या कपाळावर काजळाची तीट. दुसरं बहुतेक हललं असावं, त्याची तीट नाकावर गेली होती.

परवेजभाई आधीच येऊन पोचले होते. ते जमिनीवरच बसले. "या अल्लाह."

"काय झालं?" धनीबाईनं विचारलं. "वास मारून राह्यले होते बापा. असं ठेवते का कोणी लेकराले? निजले पाहा कसे."

"धनीबाई," परवेजभाई हळू म्हणाले, "तो वासच तं त्याईचं नाव होतं. आता त्याईच्या मायनं कोणत्या नावानं वळखावं?"

धनीबाईचा हात पिल्लाच्या पाठीवर थबकला. तिनं ममताकडे पाहिलं. "हिनंच तं सांगतलं. लेकरासारखं जपा म्हणून."

"हो," ममता म्हणाली. "मीच सांगतलं."

 पिल्लांची पोटं तेवढी वरखाली होत होती. परवेजभाईंनी समजावून सांगितलं ते रागानं नाही, पण काही लपवलंही नाही. वनखात्याला त्यांनी कळवलं होतं. आज संध्याकाळी नाही तर उद्या सकाळी माय पिल्लं घेऊन गेली तर ठीक. नाही तर ती नागपूरला जाणार, पिंजऱ्यात, आणि माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं रानमांजर पुन्हा रानाचं होणं फार कठीण. म्हणजे जन्मभर पिंजरा. ममताच्या एका अर्ध्या वाक्यापायी.

ती उठली. "कुठं सापडले होते?"

धनीबाईनं जागा दाखवली. पऱ्हाटीचा ढीग उचलल्यावर खाली एक खळगी उरली होती, ओंजळीसारखी. तळाशी वाळलं गवत, थोडे केस, लाव्याचं एक पीस. ममता गुडघ्यांवर बसली आणि अगदी वाकून तिनं वास घेतला. उग्र, गरम, जरासा आंबूस. दूध पिऊन झोपलेल्या बोधीच्या मानेच्या वळीत असतो, त्याच्याच कुठल्यातरी दूरच्या नात्यातला.

"ह्याच मातीनं आंघोळ घालू त्याईले," ती म्हणाली.

"मातीनं?"

"तुमची आंघोळ उतरवायची तं दुसरं काय हाय?"

धनीबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिला जे हसू सुटलं ते डोळ्यांना पाणी येईपर्यंत थांबेना. "लेकराची माती धुता धुता म्हातारी झालो मी. माती लावाची मजुरी आजच भेटली." आणि तिनं पुन्हा पाय लांब केले.

ममतानं हातमोजे चढवले आणि खळगीतली भुकटी झालेली काळी माती ओंजळीनं आणून द्यायला लागली. धनीबाईनं पिल्लू पायांवर पालथं घातलं. हात तेच होते, बाळांना चोळणारे. मानेपासून पाठीवर, पाठीवरून शेपटीच्या कड्यांपर्यंत, मग उताणं करून पोटावर. माती तेल प्यायची, ती झटकायची, नवी घालायची. तांड्याच्या गोर बोलीत ती काहीतरी गुणगुणत होती. ममताला त्यातला एकच शब्द कळला, याडी. म्हणजे आई. पिल्लाचे डोळे मिटत चालले. ऊन कलतं झालं, पळसाची सावली तिघांवरून हळूहळू सरकत गेली, आणि ममताला वाटलं की ही दुपार आपण कधीतरी आधी पाहिली आहे, आपणच कुणाच्यातरी पायांवर पालथ्या पडलो होतो तेव्हा.

कपाळावरची तीट वाळल्या गवतानं घासून निघाली. नाकावरची काही केल्या निघेना. काळ्या मातीत काळं काजळ, कुठं संपतं तेच कळेना.

"राहू द्या," ममता म्हणाली. "चामडी निंघल."

दिवस बुडायला आला तेव्हा खळगीत तेच गवत अंथरून, त्यावर उथळ टोपली ठेवून तिच्यात पिल्लं ठेवली. कडेला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. पंजाबरावांना कुत्री घेऊन तांड्याकडे जायला सांगितलं. ते जाता जाता पुन्हा वळले.

"अन् वाघीणच आली तं?"

"तं मले फोन करा दादा," ममता म्हणाली, "मी आवाज देते तिले."

मग तिघं लांबच्या बांधाआड बसली. उजेड पिवळा झाला, मग तांबूस, मग नुसता धुरासारखा. एक टिटवी ओरडत गेली. आणि पिल्लं जागी झाली. बारीक, धारदार, थांबून थांबून हाक मारायला लागली. ममतानं ओठ घट्ट मिटले, पण तिच्या अंगानं ऐकलं नाही. छातीत कळ आली आणि कुर्ता समोरून भिजत गेला. घरी बोधी जागी झाली असेल. दिव्यांची वेळ झाली होती.

धनीबाईनं पाहिलं. आपली ओढणी तिच्या अंगावर टाकली.

"केवढं हाय?"

"रांगते."

"माही दोन्ही पोरं अशीच वावरात वाढली," धनीबाई कुजबुजली. "झाडाले झोळी बांधाची अन् कापूस वेचाले जायाचं. लोकं म्हनत, टाकून जाते. टाकत होतो का मी? ठेवत होतो. सावली पाहून, मुंग्या पाहून. वेचता वेचता सगळा जीव कानात असे." ती टोपलीकडे पाहत होती. "अन् दुपारी मीच म्हनलं, माय टाकून गेली. माह्या तोंडात तो शब्द आला कसा काय मालूम."

परवेजभाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

गवत चालत आलं. आधी तसंच वाटलं. मग त्यात दोन कान दिसले, मग लांब पाय. ती टोपलीपासून थोड्या अंतरावर थांबली. पिल्लांचा आवाज वाढला. ती पुढं आली, मान लांब केली, हुंगलं.

आणि शिंकली.

पुन्हा हुंगलं, पुन्हा शिंकली. ओवा. मग तिनं मान फिरवली आणि आली तशी, तिच्या त्या लांब पायांनी, अंधारत्या वावरात निघून गेली. बराच वेळ झाला तरी आली नाही.

"मी वावरातल्या मचाणावर थांबतो," परवेजभाई म्हणाले. "कुत्रे येऊ नाई देत. तू घरी जाय ताई. सकाळी पाहू." सकाळी पाहू, असं ते कसं म्हणाले ते ममतानं ऐकलं. त्यात फारशी सकाळ नव्हती.

घरी दिवे लागून गेले होते. तिचा नवरा संघर्ष कामावरून आला होता आणि बोधीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. ममताला पाहताच बोधी दोन्ही हात पसरून झेपावली.

"अव, हातपाय तं धू!" नलूबाई ओरडल्या. "काय गंध येऊन राह्यला तुह्या अंगाले!"

उशीर झाला होता. बोधीनं आईच्या गळ्यात तोंड खुपसलं, हुंगलं, आणि तिला शिंक आली. ती मागं झाली. आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खालचा ओठ पुढं आला, आणि ती वळून आजीकडे हात करून रडायला लागली.

ममता चटईवर खाली बसली. तिच्यात जणू काहीच उरलं नव्हतं. आज कुठल्याच आईला कुणाची ओळख पटत नव्हती, कुठल्या लेकराला आईची नाही, आणि सगळ्याच्या मुळाशी तिचेच चार शब्द होते. नलूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी बोधीला चटईच्या दुसऱ्या टोकाला खाली सोडलं.

"हाक नको मारू," त्या एवढंच म्हणाल्या. "बस तशीच."

बोधी बसून राहिली. रुईचा एक तंतू दिव्यापाशी तरंगत होता, तो तिनं पाहून घेतला. मग आईच्या पायाचा अंगठा पाहिला. मग रांगत रांगत आली आणि त्या अंगठ्याला हात लावला. पायाचा वास घेतला, गुडघ्याचा घेतला, कुर्त्याला नाक लावलं. मातीच्या खाली, ओव्याच्या खाली, दिवसभराच्या धुळीच्या खाली कुठंतरी जे होतं ते तिला सापडलं असावं. तिनं हुंकार दिला आणि कुर्ता ओढायला लागली.

"वळखलं बाई," नलूबाई म्हणाल्या. "जरा वेळ लागला, पण वळखलं."

बोधी पीत असताना ममतानं फोन लावला. "परवेजभाई, ती पळाली नाई. तुमच्या लक्षात आलं का? शिंकली, पण चालत गेली. भ्यायली असती तं पळाली असती."

"हं."

"तिले वेळ द्या. अन् जरा अजून लांब बसा. तिले आपलाबी वास येत असंल."

पहाटे ती दबकत उठली तर नलूबाई आधीच उठून बसलेल्या. "जाय," त्या म्हणाल्या. "पाजून झालं न? मंग जाय. मी हाय इथं."

वावरांवर धुकं होतं, पांढरं, पिंजून अंथरल्यासारखं. बांध, पळस, मचाण, सगळं त्यात कुठं कुठं तरंगत होतं. धनीबाई ओढणीत गुरफटून बसली होती. पिल्लं टोपलीतच होती. एकमेकांना बिलगून, आवाज बारीक झालेला, आणि दोन हाकांमधली शांतता लांबत चाललेली.

परवेजभाईंचे डोळे लाल होते. "दूरूनच फिरली एक-दोनदा. जवळ नाई आली. ताई, टोपलीवर ऊन आलं की मी वनखात्याले फोन लावतो. त्याच्यापुढं थांबलो तं पिल्लं हातची जातील."

ममतानं मान हलवली. तिघं आणखी मागं सरकली, नाल्याच्या पलीकडे, वारा आपल्याकडून तिकडे जाणार नाही अशा बाजूला. आता टोपली म्हणजे धुक्यातला एक काळा ठिपका होती. पूर्वेला उजेड फुटला. पहिलं ऊन पळसाच्या शेंड्यावर बसलं, मग फांद्यांवर उतरलं, मग खोडावर. ममता त्या उन्हाकडे बघत होती. थांब ना, थोडं थांब. बोधीला म्हणायची तसं ती उन्हाला म्हणत होती.

ऊन जमिनीला टेकलं. परवेजभाईंनी खिशातून फोन काढला.

"याडी," धनीबाई म्हणाली. आवाज न करता, नुसत्या ओठांनी.

धुक्याचा एक तुकडा वेगळा झाला आणि चालायला लागला. ती थेट टोपलीपाशी आली. हुंगलं. या वेळी शिंकली नाही. उभीच राहिली, कितीतरी वेळ, कानांवरच्या शेंड्या उन्हात सोनेरी. मग पुढचे पाय टेकून ती टोपलीत वाकली आणि चाटायला लागली.

आधी एक. मानेपासून पाठीवर, पाठीवरून शेपटीच्या कड्यांपर्यंत, मग पंजानं उताणं करून पोटावर. धनीबाईनं आंघोळ घातली होती अगदी तशी. मग दुसरं. तिला कसलीच घाई नव्हती. ऊन टोपलीवर आलं, टोपलीतून पुढं गेलं, आणि परवेजभाईंच्या हातातला फोन तसाच हातात राहिला.

पहिल्याला मानेला धरून ती गेली.  वावर रिकामं. उरलेलं पिल्लू टोपलीच्या काठावर पंजे ठेवून उभं राहायला बघत होतं. मग ती परत आली. त्याच्या नाकाशी जरा अडखळली. चाटलं, पुन्हा चाटलं. काजळ निघेना. तिनं मान तिरकी करून बघितलं, आणि मग उचललं त्याला तसंच, नाकावरच्या तिटेसकट, आणि नाल्याच्या कडेकडेनं गवतात शिरली. गवत थोडं हललं. मग तेही थांबलं.

धनीबाईनं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. "आता नाई लागत दृष्ट," ती म्हणाली, आणि रडायला लागली. परवेजभाई तोंड फिरवून टोपली आणायला गेले ते बराच वेळ टोपलीच उचलत राहिले.

ममता घरी आली तेव्हा बंबाचं पाणी तापलं होतं. नलूबाई पाय लांब करून बसल्या होत्या, बोधी त्यांच्या पायांवर पालथी, तेलानं चकाकत.

"आली का तिची माय?"

"आली."

"नेले?"

"दोघांले नेलं."

नलूबाईंनी बोधीच्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून खाली. "म्हंजे टाकून नव्हती गेली."

"नाई आई. ठेवून गेलती."

"हं," नलूबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या सुनेच्या हातात दिला. "घे. तू वत. मी चोळतो."

ममता पाणी ओतायला लागली. फळीवर फोन वाजला. तिनं ओल्या हातानं उचलला, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. पलीकडे कुणीतरी घाबरून बोलत होतं. बोधीच्या अंगावरून पाण्याची धार सारखी पडत होती, आणि ममता म्हणत होती, "थांबा. आधी मले पुरतं बोलू द्या. हात नका लावू. जिथं हाय तिथंच ठेवा."